शेवटचे कडवे आणि डॉक्टर नेवरेकर

डॉ. वसंतराव नेवरेकर यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि तीही एकमेकांचे तोंड न पाहता. मी तेव्हा रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते. ट्रंक कॉलचा बोर्ड माझ्या देखरेखीखाली चाले. एका दुपारी बोर्डावरची मुलगी गालातल्या गालात हसताना दिसली, म्हणून मी तिचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. मिरजेच्या लाइनीवर गाणे चालू होते. बोलणे नाही, नुसते गाणे. मिरजेला कोणीतरी ग्रामोफोनसमोर रिसीव्हर धरून बसले होते आणि रत्नागिरीला कोणीतरी ते ऐकत होते. आणि इकडे एक आंब्याचे व्यापारी सकाळपासून मिरजेसाठी ताटकळत होते!

"वेळ संपली," मी म्हटले.

"बाई, एवढं कडवं होऊ द्या हो," पलीकडून विनंती आली.

"ही सरकारी लाइन आहे, नाटक कंपनी नव्हे," असे म्हणून मी कॉल तोडला.

दुसऱ्या दिवशी एक उंच, किडकिडीत गृहस्थ एक्स्चेंजमध्ये आले. पॅंटवर शेणाचे डाग, हातात औषधांची चामडी पेटी. "काल मिरजेची लाइन तोडली त्या बाई कोण?" त्यांनी विचारले. मी म्हटले, मी. तक्रार ऐकायच्या तयारीने मी पेनाचे टोपणही काढले. ते म्हणाले, "छान तोडलीत. अगदी समेवर तोडलीत. गाणं शिकलाय का तुम्ही?"

तक्रारीला उत्तर देण्याची मला सवय होती. मी पेनाचे टोपण परत लावले. तेवढ्यात त्यांनी खुलासा केला. ते गुरांचे सरकारी डॉक्टर. जुन्या बोलपटांतली, आता कुठे मिळत नाहीत अशी गाणी ते शोधत. मिरजेच्या एका सद्गृहस्थांकडे एक तबकडी असल्याचे कळले होते. इतक्या लांब जाण्याआधी तेच गाणे आहे की त्या नावाचे भलतेच, याची खात्री ते फोनवरून करून घेत होते. "तेच निघालं," ते म्हणाले, "पण तिसरं कडवं आहे की नाही ते तुमच्यामुळे राहिलं."

डॉक्टरांच्या साठीनिमित्त गौरवग्रंथ काढणाऱ्या समितीच्या चिटणीसांनी मला 'डॉक्टरांच्या छंदाविषयी एक पान' लिहायला सांगितले आहे. छंद! पोस्टाची तिकिटे चिकटवणे हा छंद असतो. रविवारी गळ टाकून भाट्याच्या खाडीवर बसणे हाही छंद असेल. डॉक्टरांनी जे केले त्याला छंद म्हणणाऱ्यांनी त्यांना एकदाही काम करताना पाहिलेले नाही, असे मी स्पष्ट सांगते. त्यामुळे हा लेख एका पानात मावणार नाही. चिटणीसांनी छपाईची सोय त्याप्रमाणे करावी.

आधी त्यांच्या नोकरीविषयी, कारण गाणी त्या वाटेनेच आली. जयगडपासून पूर्णगडापर्यंत असे गाव नसेल जिथल्या गोठ्यात डॉक्टर वाकून शिरले नाहीत. आपल्याकडची निम्मी घरे मुंबईच्या पगारावर उभी आहेत, हे मी नव्याने सांगायला नको. तिकडे कमावणाऱ्या माणसांनी एके काळी गणपतीला येताना ग्रामोफोन आणले, तबकड्या आणल्या. माणसे थकली, काही तिकडेच गेली. ग्रामोफोन बिघडले आणि तबकड्या माळ्यावर भाताच्या पेंढ्यात जाऊन पडल्या. डॉक्टरांना हे ठाऊक होते. गाईची वार काढून झाली, हात धुतले, गूळपाणी पुढे आले की ते सहज विचारत, "माळ्यावर जुनं काही आहे का वाजणारं?" लोकांना वाटे डॉक्टर थट्टा करतात. मग शिडी लागे.

तबकडी मिळाली की त्यांचा एक नियम असे. ती विकत घ्यायची नाही आणि मागूनही घ्यायची नाही. रिठ्याच्या पाण्याने पुसून, सावलीत वाळवून स्वतःच्या हाताने परत नेऊन द्यायची. नियमाचा दुसरा भाग अधिक कडक होता. गाणे ज्या घरात सापडले त्या घराने ते आधी ऐकायचे. त्याआधी डॉक्टरांनी सुई टेकवायची नाही. घरातला ग्रामोफोन चालत असेल तर तिथेच, नसेल तर बॅटरीवर चालणारा आपला प्लेअर ते स्कूटरला बांधून नेत. सगळे घर ओटीवर जमवत, आणि मगच गाणे लावत. त्याच वेळी शेजारी टेपरेकॉर्डर चालू असे. त्यामुळे डॉक्टरांच्या कॅसेटींवर गाण्याबरोबर कोंबड्या आहेत, खोकला आहे, आणि एका कॅसेटवर तर "अगो, दूध उतू गेला" अशी आरोळीही आहे. जुनी गाणी ऐकायला जमणाऱ्या आमच्या मंडळातल्या चोखंदळ रसिकांनी याविषयी नाके मुरडली. डॉक्टर म्हणाले, "गाणं त्यांचं आहे, कोंबडीही त्यांचीच."

एकदा मुंबईहून एक संग्राहक आले होते. परीटघडीचे कपडे, बोटात अंगठ्या. जुन्या तबकड्यांना आता भाव आला आहे, गावे आणि घरे सांगा, तुमचाही विचार करू, असे त्यांनी डॉक्टरांना सुचवले. डॉक्टरांनी त्यांना चहा दिला. त्यांच्या पत्नी सुमतीताईंनी आंबोळ्या दिल्या. मग डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे पत्ते आहेत ते आजारी गुरांचे. तुमची म्हैस आजारी आहे का?" ते गृहस्थ संध्याकाळच्या एस.टी.ने परत गेले. मी त्या वेळी तिथे होते. इतक्या सौम्य आवाजात कोणाला हाकलून देता येते हे मला त्या दिवशी कळले. मला ते अजून जमलेले नाही.

पहिल्या भेटीतच डॉक्टरांनी मला विचारले होते, "तुमचं कुठलं?" त्यांची समजूत अशी की प्रत्येक माणसाचे एक गाणे हरवलेले असते. मी म्हटले, मला असल्या गोष्टींना वेळ नाही. ते म्हणाले, "बरं," आणि गेले. पुढच्या वेळी ट्रंक कॉल नोंदवायला आले तेव्हा पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा मी सांगितले. आता सांगितले नाही तर हे दर आठवड्याला येणार, असे मी स्वतःला बजावले. खरे म्हणजे मला सांगायचेच होते.

मी लहानपणी बेळगावला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात होते. आमच्या भिंतीपलीकडे मैदान होते आणि हिवाळ्यात तिथे सिनेमाचा तंबू पडे. एका वर्षी एक बोलपट तिथे बराच काळ मुक्कामाला होता. तो आम्हाला दिसणे शक्य नव्हते. पण ऐकू यायचा. अंधार पडल्यावर पहिला खेळ सुरू होई आणि प्रार्थनेच्या थोडे आधी एक गाणे लागे. एक बाई कोणाला तरी जाऊ नको म्हणत होती. पहिल्या कडव्यात विनवणी, दुसऱ्या कडव्यात कारणे. दुसरे कडवे संपले की आमची घंटा होई. भिंतीपलीकडचे पाप आमच्या कानांत शिरू नये म्हणून सिस्टर आम्हाला मोठ्याने स्तोत्र म्हणायला लावत. रोज तिथेच. त्यामुळे तिसऱ्या कडव्यात काय झाले, तो थांबला की गेला, हे मला कधीच कळले नाही. बोलपटाचे नाव विचारायची सोय नव्हती. सुटीत घरी आले तेव्हा तंबूही उठलेला होता. पुढे आयुष्यात पुष्कळ जण आले आणि गेले. त्यांतल्या कोणाला मी थांब म्हटले, हा या लेखाचा विषय नाही. पण दर वेळी ते गाणे दुसऱ्या कडव्यापर्यंत येऊन माझ्या मनात उभे राही, एवढे लिहायला हरकत नाही.

"गुणगुणून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

"मी सरकारी कचेरीत गुणगुणत नाही."

"मग शब्द तरी सांगा."

मी तार वाचून दाखवावी तसे शब्द वाचून दाखवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "ही बाई साधीसुधी नाही. हिला शोधलंच पाहिजे."

त्यांनी शोधले. गावोगावच्या ओळखींना विचारले, वरातींना लाउडस्पीकर पुरवणाऱ्यांच्या जुन्या पेट्या उपसल्या. रेडिओवर फर्माइशी करून काही उपयोग नव्हता. तिथे तीच तीच गाणी फिरत असतात. अलीकडे कॅसेटवाल्यांनी नवा उद्योग काढला आहे. जुनी गाणी नव्या मुलींच्या आवाजात, मागे ढणढणाट करून, आणि वर मूळ बोलपटाचे चित्र छापून! बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने मला अशी कॅसेट दाखवून सांगितले, "मॅडम, ओरिजिनलपेक्षा क्लिअर आहे." मी त्यांना म्हटले, तुमच्या आईचा फोटो मी दुसऱ्या बाईला बसवून काढून आणते, तोही क्लिअर येईल. माझे गाणे मात्र असे विटाळण्याइतकेही कोणाला आठवत नव्हते.

याच काळात मी निवृत्त झाले. आमच्याकडे थेट नंबर फिरवायची सोय येऊ घातली होती आणि बोर्डावरच्या बायकांची आता गरज उरणार नाही, हे साहेब लोक फार आनंदाने सांगत. निरोपाला मला शाल, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. आयुष्यभर लोकांच्या बोलण्याचा वेळ मोजणाऱ्या बाईला घड्याळ! भाषणे चालू असतानाच बोर्डावरची मुलगी धावत आली. "मॅडम, चिपळूणहून पी.पी. कॉल आहे. तुमच्या नावाने." पी.पी. कॉल म्हणजे ठरावीक माणसासाठी केलेला फोन; त्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाशी जोडायचा नाही असा. असे किती कॉल मी जोडले असतील, पण माझ्या नावाने कधी आला नव्हता. मी हेडफोन लावला. पलीकडे गाणे चालू झाले. माझे नव्हे, दुसरेच. पण जुने, आणि असे सुंदर की साहेबांचे भाषण मी त्यानंतर ऐकलेच नाही. शेवटी डॉक्टरांचा आवाज आला, "तुमचं मिळेपर्यंत हे." वेळ संपल्याचे त्या दिवशी कोणी सांगितले नाही.

आणि मग ते मिळाले. पूर्णगडला भागीरथीबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई राहतात. मुलगा जयगडला होडीवर असतो, घरी त्या आणि एक म्हैस. म्हैस आटली म्हणून डॉक्टर गेले होते. भागीरथीबाईंचे यजमान मुंबईला गिरणीत होते. त्यांनी आणलेला ग्रामोफोन स्प्रिंग तुटून कैक वर्षे बंद पडला होता. तबकड्यांपैकी एकच उरली होती. डॉक्टरांनी त्यांना गाण्याचे शब्द विचारले. भागीरथीबाईंनी सांगितलेले शब्द तेच होते, जे मी एक्स्चेंजमध्ये तारेसारखे वाचून दाखवले होते.

तबकडीवर बुरशी चढली होती. डॉक्टर ती पुसण्यासाठी घरी घेऊन आले. नियमाप्रमाणे त्यांनी सुई टेकवली नाही. येत्या रविवारी मला बरोबर न्यायचे, प्लेअर न्यायचा, आणि भागीरथीबाईंच्या ओटीवर दोघींनी मिळून ऐकायचे, असा त्यांचा बेत. पुसायला बसले त्या दिवशी ते सकाळपासून गुरांना लस टोचून दमून आले होते. समोर बुरशी दिसली आणि हात सवयीने स्पिरिटच्या बाटलीकडे गेला. जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करतात ते याच्याच जोरावर. हे डॉक्टरांना पक्के ठाऊक होते. पण जखम पुसताना आतून बाहेर पुसायची, हे त्यांच्या हाताला त्याहून पक्के ठाऊक होते. त्यांनी मधल्या लेबलापासून कापूस फिरवायला सुरुवात केली. कापूस काळा झाला तेव्हा ते थांबले. तबकडीवर गाणे बाहेरून आत जाते. आतला भाग म्हणजे शेवट.

ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. बसा म्हटले तर बसेनात. "बाई, तुमचं गाणं मी मारलं," ते म्हणाले. मी त्यावर जे बोलले ते या ग्रंथात छापण्याजोगे नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मी दमले तेव्हा विचारले, "आणि त्या म्हातारीला काय सांगणार?"

"तुम्हाला सांगितलं तेच."

मंडळातल्या काहींनी त्यांना दुसरा सल्ला दिला होता. बुरशीनेच खाल्ले म्हणावे, तिला काय कळणार आहे. मी त्यांची नावे लिहीत नाही, कारण त्यांचेही लेख याच ग्रंथात आहेत आणि त्यांत डॉक्टरांच्या प्रामाणिकपणाविषयी पुष्कळ मजकूर असेल.

रविवारी मी गेले. डॉक्टरांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर प्लेअर घेऊन, या वयात! भागीरथीबाई ओटीवर वाटच बघत होत्या. इस्त्रीचे लुगडे, डोक्यात अबोलीचा वळेसर. ते पाहून डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"या, बसा वायच. म्हस बरी हाय आता. ह्या कोन? तुमच्या बहीन?"

"नाही. यांनाही तेच गाणं हवं होतं," डॉक्टर म्हणाले, आणि मग त्यांनी उभ्यानेच सगळे सांगितले. स्पिरिट, कापूस, हात. काही लपवले नाही, स्वतःला फार दोषही दिला नाही. म्हातारीला आपली समजूत घालावी लागू नये, याची ते काळजी घेत होते, हे माझ्या नंतर लक्षात आले.

भागीरथीबाईंनी प्लेअरकडे पाहिले. मग म्हणाल्या, "किती ऱ्हवलाय?"

"माहीत नाही. मी लावली नाही."

"लावा मंग."

गाणे सुरू झाले. भिंत नव्हती, तंबूतला गलका नव्हता. त्या बाईचा आवाज मी पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकला. पहिले कडवे, विनवणी. दुसरे कडवे, कारणे. आणि दुसरे कडवे संपता संपता सुई खरखरली, घसरली, आणि पुढे नुसती खरखर. माझ्याजवळ जेवढे होते तेवढेच पुन्हा माझ्या हाती आले. डॉक्टरांनी सुई उचलली. टेपरेकॉर्डर चालूच होता.

"हितवर आमचे हे आयकायचे," भागीरथीबाई म्हणाल्या. "मंग उठून बिडी वढायला भायर जायचे. फुडचा मी एकलीच आयकायची."

म्हणजे जो भाग पुसला गेला, तोच त्यांचा एकटीचा होता. डॉक्टरांनी मान खाली घातली. मला राहवेना. मी विचारले, "पुढे काय होतं हो? तो थांबतो का?"

"फुडचे शबूद नाय आठवत बाय. वाजप बंद व्हायचा सगला. निसती ती बाईच. हलू, लय हलू. भरती उतरल्यावर पानी कसा जातो रेतीतनं, तसा."

"पण तो थांबतो की जातो?"

त्या माझ्याकडे पाहून हसल्या. "गान्यातल्या बाप्याचा मना काय ठावं? आमचे हे तं जायाचे. सुटी सपली की जायाचेच."

डॉक्टरांनी तबकडी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "मी दुसरी आणून देईन." भागीरथीबाईंनी ती पदराने पुसून कागदात घातली. "आना," त्या म्हणाल्या, "पन मी हाय तवर आना." मग चुलीवरचा चहा आला आणि बोलणे म्हशीवर गेले.

परतताना समुद्राच्या कडेने मी मांडीवरचा प्लेअर धरून एकच हिशेब करत होते. ज्या नियमासाठी मी आज त्यांचा गौरव करते आहे, त्या नियमामुळेच ते गाणे गेले. त्यांनी घरी चोरून एकदा सुई टेकवली असती, तर पुसायच्या आधी कॅसेट तयार झाली असती. मी हे त्यांना नंतर बोलून दाखवले. ते म्हणाले, "हो. पण मग ते गाणं आधी माझं झालं असतं." माझा या उत्तरावर आजही राग आहे, आणि याच उत्तरासाठी मी हा लेख लिहायला बसले.

तेव्हापासून डॉक्टर दुसरी तबकडी शोधत आहेत. ते आता निवृत्त आहेत, गुडघे धरतात, स्कूटर सुमतीताईंनी विकायला लावली. तरी एस.टी.ने जातात. गुरांचे निमित्त उरले नसल्यामुळे अनोळखी दारात उभे राहून सरळ विचारतात. कधी लोक हसतात, कधी कुत्रे अंगावर येते. मध्ये राजापूरकडून निरोप आला, धावत गेले, तर त्या नावाचे दुसरेच गाणे निघाले. पूर्णगडला ते अधूनमधून जाऊन येतात आणि शोध कुठवर आला हे भागीरथीबाईंना सांगून येतात, वरिष्ठांना अहवाल द्यावा तसे. एकदा त्यांनी दुसऱ्या गाण्यांची कॅसेट नेली होती. म्हातारीने ती परत पाठवली. "ह्या सगल्या बऱ्या हायत," असा निरोप आला, "पन मना तीच बाय होवी." मला तिचे पटले.

या ग्रंथातले इतर लेखक डॉक्टरांना साठीनिमित्त आरोग्य आणि शांत, समाधानी निवृत्तीजीवन चिंततील. आरोग्याला माझे अनुमोदन आहे. शांत जीवनाला माझा स्पष्ट विरोध आहे. त्यांनी गुडघ्यांना तेल लावावे, सुमतीताईंचे ऐकून पथ्य पाळावे, आणि सकाळच्या गाडीने निघावे. परमेश्वराने त्यांना उदंड आयुष्य द्यावे, आणि त्याआधी पूर्णगडच्या त्या म्हातारीला द्यावे, कारण तबकडी मिळाली तर नियमाप्रमाणे ती आधी तिच्या ओटीवर लागणार आहे. उरले तर थोडे मलाही द्यावे. मी तिथे बाजूला बसेन, मध्ये बोलणार नाही, आणि तो थांबतो की जातो ते ऐकेन.